पाठीपासून दोन बोटं

पाठ जन्मभर आपल्याबरोबर चालते आणि आपल्याला कधीच दिसत नाही. हात डोळ्यांसमोर वावरतात, पाय वाकून न्याहाळता येतात, चेहऱ्याला आरसा आहे. पाठीची ओळख मात्र दुसऱ्याच्या नजरेतून, दुसऱ्याच्या तळव्यातून व्हायची. लहानपणी अंघोळ घालताना आईचा खरखरीत हात तिच्यावरून फिरला, परीक्षेच्या दिवशी कुणीतरी तिच्यावर थाप मारली, तापात कुणी तिला तेल चोळलं. तेवढ्याच तिच्या आठवणी. आणि ओझी सगळी तिथंच.

मला ती नीट भेटली समुद्राखाली.

मी आंबेगाव तालुक्यातला, घाटावरचा माणूस. पाणी म्हणजे विहीर, ओढ्याचा डोह आणि डिंभ्याचा कालवा, इतकीच माझी समज. पण जुन्नरच्या शिवनेरीवर १६३० साली जन्मलेल्या लेकराने १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, आणि तेव्हापासून आमच्या डोंगरातून त्या समुद्राकडे एक अदृश्य वाट गेलेली आहे, असं मला नेहमी वाटत आलं. त्याच किल्ल्याच्या आसपास आज लोक पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरतात. तारकर्लीला तर हे सगळं शिकवणारी पर्यटन महामंडळाची संस्थाच आहे. मीही उतरलो. सकाळचं ऊन पाण्यावर मोडून पडत होतं, होडीच्या फळ्यांना डिझेलचा आणि सुक्या मासळीचा वास होता, आणि पाठीवर अकरा लिटरची ॲल्युमिनियमची टाकी चढत होती. तिच्यात दोनशे पट दाबलेली हवा. धातूचं वजन चौदा किलोच्या घरात, आणि आतल्या नुसत्या हवेचं अडीच किलोच्या आसपास. ज्याला आपण काही नाही म्हणतो, त्याचं अडीच किलो. माझ्या पुढच्या तासाभराचे श्वास तिथं माझ्या मणक्याला टेकून बसले होते.

टेकून म्हणजे अगदी टेकून नव्हेत. मध्ये काहीतरी होतं.

बहुतेकांच्या अंगावर जाकीट असतं आणि टाकी जाकिटालाच बांधली जाते. माझ्या पाठीवर मात्र पोलादी पाटी होती. ही पाटी मुळात दोन टाक्यांसाठी घडवलेली, पाण्याखालच्या गुहांत शिरणाऱ्यांची. तिची दोन भोकं एकमेकींपासून अकरा इंचांवर, जोडटाकीच्या बोल्टांसाठी. तिच्यावर एकच टाकी बसवायची, तर मध्ये एक दुवा लागतो, त्याला अडॅप्टर म्हणतात. मी तो हातात घेऊन पाहिला होता. वीतभराहून मोठी, पन्हळीसारखी वाकवलेली पोलादी पट्टी, दोन बोल्ट, त्यांवर चिमटीने फिरवायच्या पंखांच्या चाक्या, आणि पट्टे ओवायला आडव्या खाचा. कडा बोटाला गार आणि गुळगुळीत. जाडी दोन बोटं. एवढ्याशा वस्तूने काय होणार, असं कुणालाही वाटावं.

पाण्यात गेल्यावर वजन विरघळतं. जमिनीवर कंबर वाकवणारी टाकी दोन वावांखाली कुठं गेली कळत नाही, खांदे मुलासारखे मोकळे होतात, कानात फक्त स्वतःचा श्वास आणि बुडबुड्यांची वर जाणारी कुजबुज. वाटतं, सुटलो. पण मी जरा कुशीवर झालो, प्रवाळाच्या कपारीत एक निळा मासा शिरला त्याच्यामागे मान वळवली, आणि पाठीवरून कुणीतरी मला हळूच ओढलं. डावीकडे. मी सावरलो, तर उजवीकडे. टाकी पाठीपासून दोन बोटं दूर होती, आणि त्या दोन बोटांच्या तरफेवर ती स्वतःचं मन चालवत होती. पट्टीची कडही अरुंद. गोल टाकी तिच्यावर घट्ट विसावत नव्हती, डुलत होती. वजन गेलं होतं, पण वजनाची जागा गेली नव्हती.

मला तो क्षण फार आतवर लागला. आयुष्यातली कितीतरी ओझी अशीच पेलली आहेत आपण, त्यांचा भार कधीच उतरला, पण ती जिथं बसली होती ती जागा अजून ओढते.

दुसऱ्या खेपेला होडीवरच्या पोराने पट्टी बदलली. ही चपटी होती, तिच्या दोन्ही कडा उतरत्या, टाकीची गोलाई त्या दोन कडांच्या कुशीत बसे. मग त्याने पट्टे समुद्राच्या पाण्यात बुचकळून घेतले, कारण कोरडा आवळलेला पट्टा भिजला की सैल होतो आणि टाकी खाली घसरते. बकल आवळताना तो माझ्या मागे होता, मला दिसत नव्हता, त्याचा गुडघा टाकीला रेटलेला जाणवत होता, आणि आवाज आला, “वायच वर घेतंय हां.” फार वर घेतली असती तर मान मागे करताच डोकं टाकीच्या तोंडावर आपटलं असतं. फार खाली राहिली असती तर नळाची चावी हाताला पोचली नसती आणि पाय जड होऊन शरीर उभं राहू पाहिलं असतं. चार बोटांचा हिशेब. तो त्याने माझ्या पाठीकडे बघून केला, जी मला कधी बघता येणार नव्हती. या वेळी मी पाण्यात आडवा पसरलो तसाच राहिलो. कुशीवर झालो, टाकीही माझ्याबरोबर कुशीवर झाली. हवा संपत आली तशी ॲल्युमिनियमची टाकी हलकी होऊन तिचं बूड वर उचलू लागलं, पण तेही इतकं जवळून की माझंच काही हलकं होतंय असं वाटावं. आता काही बनावटींत ही पट्टी पार काढूनच टाकली आहे. पाटीलाच खाचा, टाकी थेट पाठीशी. मला ते पटतं.

त्या खोल निळ्यात मला वडील दिसले. टोमॅटोच्या तारा-बांबूंच्या ओळींतून चालणारे, पाठीवर सोळा लिटरचा फवारणीचा पंप. एका पंपाला दोन झाकणं औषध, डावा हात दांड्यावर खालीवर, उजव्या हातात नळी, आणि पानांवर उठणारं ते धुकं, ज्यात सकाळच्या उन्हात क्षणभर इंद्रधनुष्य उमटायचं. पंप भरला की आई तो दोन्ही हातांनी उचलून धरायची आणि वडील पाठमोरे बसून पट्ट्यांत हात घालायचे. त्या बसण्यात किती विश्वास होता, हे मला तेव्हा समजण्याचं कारण नव्हतं. पाठ सोलते म्हणून आईने गोणपाटाची चौपदरी घडी पंपाला बांधली होती. मऊ, जाड. वडील तरीही पुढे झुकून चालायचे, आणि पाणी अर्ध्यावर आलं की आत डुचमळायचं, त्यांचा तोल प्रत्येक वळणावर सरीत जाऊन परत यायचा. झाकणातून गळलेलं औषध ती घडी पिऊन बसायची. रात्री खांद्यांवर दोन लाल वळ. तेही आईलाच आधी दिसायचे.

मायेने बांधलेली ती घडीच पंपाला पाठीपासून दोन बोटं दूर लोटत होती.

नाणेघाटात उभं राहिलं की मला हेच सगळं दोन हजार वर्षं मागे गेलेलं दिसतं. माथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण, खाली सातवाहनांच्या राणी नागनिकेच्या लेखाची गुहा, कोकणातून वर येणारा गार वारा, आणि त्या फरसबंद घळीतून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारे-येणारे लादणीचे बैल. लेखात यज्ञ आहेत, दक्षिणा आहेत, मोजून दिलेल्या गाई आणि कार्षापणं आहेत. पालाण कुणी शिवलं, ते कुठं नाही. पण घाट चढताना गोणी मागे सरकली की जनावराची पाठ लागते, आणि पाठ लागलेला बैल जुन्नरपर्यंत पोचत नाही, हे ठाऊक असलेला कुणीतरी माणूस त्या प्रत्येक तांड्यात असणारच. थांबून, पालाणाखाली हात घालून, कुठं टोचतंय ते चाचपणारा. सातवाहनांचं वैभव त्याच्या तळहातावरूनही गेलं आहे, असं मी मानतो.

आणि डिंभ्याचं धरण. तिथलं पाणी नजरेसमोर आलं की छाती भरून येते. आहुप्याकडून येणारी घोड तिथं अडली, आणि ज्या गावाच्या नावाने आमचा तालुका ओळखला जातो ते जुनं आंबेगाव त्या पाण्याखाली गेलं. जलाशयाला बाबू गेनूंचं नाव आहे, महाळुंगे पडवळच्या त्या गिरणी कामगाराचं, ज्याने १९३० च्या डिसेंबरात मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे स्वतःला आडवं घातलं. पाठीवर टाकी बांधून त्या गावाच्या उंबऱ्यांवरून तरंगत जावं, असं माझ्या मनात येतं. मग वाटतं, कुणाच्या तरी चुलीवरून असं वरून वरून जाणं बरं नव्हे.

या पावसाळ्यात भावाच्या शेतावर होतो. वडील गेल्यावर पंप बदलला, आता बॅटरीचा आहे, हात मारायला लागत नाही; पण पाठीला घडी तीच, आईच्या पद्धतीने बांधलेली. मी ती सोडली. उग्र वासाने डोळ्यांत पाणी आलं. तिच्या जागी रेनकोटच्या कापडाचा एकच पदर लावला, पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे आखडले, पंप चार बोटं वर घेतला. भाऊ पाठमोरा बसला. मी पंप उचलून धरला, त्याने हात घातले, आणि मी मागून तळवा सरकवून पाहिला, पोकळी कुठं उरली आहे का. शर्टाखाली पाठ गरम होती, वडिलांसारखीच रुंद. तो उठला, ओळीच्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला. टाकी रिकामी करूनच थांबला.

“दादा, आता मागं वढत न्हाय,” तो म्हणाला. “भर अजून एक.”