डावी बाजू, उजवी बाजू

दहावीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक उत्तर हमखास भेटते. प्रश्न असतो, ‘सिद्ध करा’. जे सिद्ध करायचे तेच विद्यार्थी पहिल्या ओळीत लिहितो, इकडची पदे तिकडे नेतो, वर्ग करतो आणि शेवटी ० = ० आले की खाली दोन रेघा ओढतो. आकडेमोड चोख, सिद्धता मात्र नाही.

वर्गात मी फळ्यावर −१ = १ लिहिते. मुले हसतात. दोन्ही बाजूंचा वर्ग करते: १ = १. मग हसू थांबते. खोट्यापासून निघून बिनचूक पायऱ्यांनी खऱ्यापर्यंत पोहोचता येते, तेव्हा शेवटची ओळ खरी निघाली एवढ्यावर पहिली खरी ठरत नाही. पायऱ्या उलट्याही चढता आल्या पाहिजेत. कच्च्या कामात उलटे जायला माझी हरकत नाही. मलाही तसेच सुचते. खरी खोड समीकरणे सोडवण्याच्या सवयीची आहे. समीकरणात क्ष शोधायचा असतो. नित्य समानतेत शोधायचे काहीच नसते. क्ष कोणताही घ्या, दोन्ही बाजू सारख्याच, एवढेच दाखवायचे.

‘कोणताही’ला एवढे महत्त्व का? भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) २९७ चा वर्ग विचारला आहे. त्यांची एक रीत अशी: सोयीची संख्या एकदा मिळवा, एकदा वजा करा, गुणाकार करा आणि त्या संख्येचा वर्ग मिळवा. ३०० × २९४ म्हणजे ८८२००, त्यात ९, झाले ८८२०९. पण ती २९७ ला लागू पडली म्हणून त्यांनीच विचारलेल्या १०००५ ला पडेल कशावरून? (अ + ब)(अ − ब) चे कंस सोडवले की कळते: मधली दोन पदे उडतात, कारण अब आणि बअ एकच. (पुढे मॅट्रिक्स शिकताना ते एक असतीलच असे नाही, आणि हेच सूत्र तिथे मोडते.)

किमती घालून ‘सिद्ध’ करणाऱ्यांबद्दल मात्र माझे मत जरा वेगळे आहे. (क्ष + १)² − (क्ष − १)² = ४क्ष यात एखादा ०, १, २ घालतो, दोन्हीकडे ०, ४, ८ येतात, आणि तो ‘म्हणून सिद्ध’ लिहितो. गुण शून्य. खरे तर त्याचे एकच वाक्य राहिलेले असते. दोन्ही बाजूंची कोटी २ च्या वर नाही; बाजू वेगळ्या असत्या, तर त्यांच्या वजाबाकीची बहुपदी फार तर दोन किमतींना शून्य झाली असती. इथे तीन किमती जुळल्या, म्हणजे बाजू सारख्याच. हे वाक्य लिहिले, तर नमुना उत्तरात नसले तरी मी पूर्ण गुण देईन.

वाक्याविना ही रीत दगा देते. क्ष³ + २क्ष = ३क्ष² हे ०, १, २ या तिन्हींना जुळते; ३ घातला की एकीकडे ३३, दुसरीकडे २७. कोटी ३, म्हणून चौथी किंमत तपासावी लागते.

हल्ली मी मुलांना अशी लबाड सूत्रे बनवायला सांगते: ५ पर्यंत जुळले पाहिजे, ६ ला फसले पाहिजे. क्ष(क्ष − १)(क्ष − २) असे गुणत क्ष − ५ पर्यंत जायचे, विस्तार करायचा आणि ओळखू येऊ नये म्हणून ऋण पदे उजवीकडे न्यायची. मग ते शेजारच्या बाकावर द्यायचे: सिद्ध कर.