पार्किंगचा फ्यूज

३ जुलै २०२५, गुरुवार
आईला दवाखान्यातून आणताना भर पावसात आमच्या पद्मिनी गाडीचे मागचे दिवे आणि मीटरचा उजेड एकदम गेला. हेडलाइट शाबूत. घरी येऊन पाहिलं तर पार्किंगच्या दिव्यांच्या फ्यूजची पत्ती वितळलेली. नवा घातला, दिवे लागले. पण फ्यूज उगाच उडत नाही.

४ जुलै, शुक्रवार
दूध आणायला गेलो तेव्हा दिवे ठीक. संध्याकाळी आईला देवळात नेलं आणि कोपऱ्यावरच फ्यूज गेला. शेजारी म्हणाले, जाड तार गुंडाळ, कटकट मिटेल. अजिबात नाही. पार्किंगचे सगळे बल्ब मिळून तीस वॅट धरले, तरी बारा व्होल्टवर अडीच अँपिअर होतात. आठ अँपिअरचा फ्यूज उडतोय म्हणजे वायर वाटेतच बॉडीला टेकतेय. बॉडी म्हणजे बॅटरीची मायनस बाजू. प्लसची उघडी वायर पत्र्याला कुठेही लागली की शॉर्ट. अशा वेळी जाड तार घातली तर फ्यूजऐवजी वायरिंग जळतं, आणि ते सीटच्या फोमखालून गेलेलं असतं. गाडीत आई बसते.

६ जुलै, रविवार
वायरमन काका आले. त्यांची हयात टॅक्सींच्या वायरिंगमध्ये गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून हे काम येणारी माणसं शोधावी लागतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्या टिकायच्या असतील तर या हातांचीही कदर व्हायला हवी.

काकांनी एकही फ्यूज जाळला नाही. पार्किंगचे आणि मीटरचे बल्ब काढले, फ्यूजच्या जागी एकवीस वॅटचा ब्रेकलाइटचा बल्ब दोन वायरींनी जोडला आणि स्विच ओढला. शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण पेटतो, पण पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाऊ देत नाही. वायर तापत नाही आणि सावकाश शोधता येतं. बल्ब विझलेलाच. काकांनी डॅशबोर्डखालचं वायरिंग हलवलं, डिकीतलं हलवलं. काही नाही.

आई दारात उभी होती. म्हणाली, "अरे, मी मागे बसले की जातात ना तुझे दिवे?"

काका हसले नाहीत. "ताई, बसा जरा." आई बसली आणि बल्ब लख्ख पेटला. उठली, विझला.

मागची सीट उचलली. पूर्वी कुणीतरी टेललाइटच्या वायरला एक फाटा जोडून नुसती टेप गुंडाळली होती. टेपचा चिकट डांबरासारखा लगदा झालेला, आणि सीटच्या स्प्रिंगचं टोक बरोबर त्या जोडावर. तांब्याच्या चार-पाच तारा काळ्या पडलेल्या, शेजारी पत्र्यावर रंग उडून राईएवढा ठिपका.

८ जुलै, मंगळवार
आधी बॅटरीची मायनस काढली. फाटा मुळापासून कापला, खराब तुकडा काढून त्याच जाडीची वायर डाखली, वर स्लीव्ह चढवली. मग वायर स्प्रिंगपासून दूर, कडेच्या खाचेतून नेऊन क्लिपने बांधली. जुन्याच वाटेवर ठेवली असती तर नवी वायरही घासली गेली असती. आईला मागे बसवून, मुद्दाम खड्ड्यांतून फिरलो. फ्यूज आठ अँपिअरचाच आहे. दाराच्या पट्टीखाली तीच टेप दिसतेय, रविवारी तीही उघडायची.