नऊ फुटांची वाट

बेळगावहून जांबोटीचा रस्ता धरला, की शेते हळूहळू मागे पडतात आणि झाडी दाट होऊ लागते. पुढे कणकुंबीस मलप्रभेचा उगम लागतो. ती नदी तेथून पूर्वेस वळून कृष्णेला मिळावयास निघते, आणि आपण चोर्ल्याचा घाट उतरून पश्चिमेस गोव्यात शिरतो. ही वाट आम्ही अनेकदा तुडविली आहे. परंतु २०२४ च्या डिसेंबरात, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी जुन्या गोव्यास निघालो, तेव्हा टेम्पोच्या हौद्यात बॅटरीवर चालणारी एक तीनचाकी स्कूटर आणि घडी घातलेली एक लाकडी फळी होती. वाचकांस सांगावयाचे आहे ते त्या फळीविषयी.

आमच्या गावी एक वृद्ध गवंडी आहेत. ख्रिस्तमंदिराच्या दारातील दोन पायऱ्या तरुणपणी त्यांनीच बांधल्या. त्यांच्या पायांतील बळ गेले, तेव्हा आम्ही चार तरुणांकरवी त्यांना खुर्चीसकट उचलून मिस्सेस आणविले. दोन रविवार ते आले. पुढे आले नाहीत. म्हातारपणाने मन खचले असेल, असे आम्ही समजलो, आणि पवित्र भाकर घरी नेऊन देऊ लागलो. आपले कर्तव्य पार पडले, अशा समाधानात तीन वर्षे गेली.

मग त्यांच्या लेकीने पुण्याहून ही स्कूटर पाठविली. ते गल्लीभर स्वतः फिरू लागले. परंतु ख्रिस्तमंदिराच्या दाराशी येत आणि परत फिरत. आम्ही म्हटले, "बाबा, पोरांना हाक मारू काय? उचलून आत नेतील."

ते शांतपणे म्हणाले, "फादर, उचलतात ते ओझे. मी येईन तो माझा मी येईन."

तीन वर्षे त्यांना दाराबाहेर ठेवणारे आमचेच उपकार होते, हे तेव्हा कळले आणि आम्ही ओशाळलो.

दुसऱ्याच दिवशी सुतारास बोलाविले. दोन्ही पायऱ्यांची मिळून उंची नऊ इंच भरली. माणूस बसलेली गाडी सुखरूप चढावयाची, तर एक फूट उंचीस बारा फूट लांबी असावी, असा संकेत आहे. म्हणजे नऊ इंचांस नऊ फूट. टेम्पोचा हौदा सव्वादोन फूट उंच. तेथे तीच फळी लावली, तर चढ चारास एक, म्हणजे बराच उभा होतो. म्हणून तेथे माणूस न बसविता, बॅटरी व बैठक काढून, रिकामी गाडीच ढकलावयाची असे ठरले.

सुताराने प्रथम दोन अरुंद फळ्या केल्या. पण गाडी तीनचाकी. पुढचे चाक मधल्या पोकळीत आले! तेव्हा अडीच फूट रुंदीची सलग फळी केली. घडी घालता यावी म्हणून मध्ये बिजागऱ्या घातल्या. त्या वरच्या बाजूस होत्या, म्हणून पहिल्याच ओझ्याला सांधा खाली बसला. मग त्या तळाच्या बत्त्यांच्या खालच्या कडेस बसविल्या. आता ओझे पडले, की वरच्या कडा एकमेकींस घट्ट भिडतात. शिवाय मध्यभागी टेका म्हणून एक घोडी ठेविली, दोन्ही बाजूंस दोन इंचांची काठपट्टी ठोकली, आणि पाय घसरू नये म्हणून काथ्याची चटई जडविली. वरचे टोक टेम्पोस दोराने बांधल्यावाचून गाडी चढवावयाची नाही, आणि चढविताना गाडीच्या बरोबर खाली कोणी उभे राहावयाचे नाही, हे दोन नियम गवंडीबाबांनीच घालून दिले.

चोर्ल्याच्या माथ्यावर आम्ही चहास थांबलो. टपरीचा ओटा एक वीत उंच होता. पोरांनी फळी लावली, आणि बाबा स्वतःच गाडी चालवीत आमच्या बाकापाशी येऊन बसले. तीन वर्षांत घराबाहेर घेतलेला तो पहिला चहा, असे ते म्हणाले. आमच्या घशाखाली मात्र चहा लवकर उतरेना.

जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत संतांची चांदीची पेटी एरवी उंच संगमरवरी समाधीवर असते. साधारण दहा वर्षांनी ती खाली उतरवून मिरवणुकीने से कॅथेड्रलमध्ये नेतात, म्हणजे लहानथोरांस जवळून दर्शन घडते. पेटीपाशी बाबा थोडा वेळ हात जोडून थांबले. बाहेर आल्यावर म्हणाले, "फादर, संतदेखील खाली येतात, मग आपल्या पायऱ्यांचा एवढा मान कशाला?" आम्हांपाशी उत्तर नव्हते.

संत फ्रान्सिस १५५२ साली ३ डिसेंबरास निवर्तले. तोच त्यांचा सण. संयुक्त राष्ट्रांनीही १९९२ सालापासून तोच दिवस अपंग बांधवांचा दिन म्हणून नेमिला आहे. हा योगायोगच असेल. पण एवढी वर्षे वेदीवरून संतांचे गुण गाताना ही गोष्ट आम्हांस एकदाही सुचली नाही, याची खंत वाटते.

घरी परतल्यावर बाबांनी स्कूटरवर बसूनच, ओळंबा व दोरी हाती घेऊन, आपल्याच जुन्या पायऱ्यांशेजारी नऊ फुटांचा पक्का उतार बांधून घेतला. फळी आता रिकामी झाली आहे. ज्या घरी बारसे, लग्न वा मयत असते आणि कोणी चाकांवर येणारे असते, तेथे ती नेतात.

वाचकहो, आज संध्याकाळी आपल्या घराचा उंबरठा एकदा दोरीने मोजून पाहा. जितके इंच भरतील तितके फूट लांबीची फळी लागते. आणि मोजून झाल्यावर, त्या उंबरठ्याशी येऊन कोण परत फिरले होते, तेही आठवून पाहा.