पुतणीची दुसरी डिग्री आणि नव्वद हजार

कांदा रोपाची नोंद उद्या टाकतो. आज विषय वेगळा आहे, कारण अशीच विचारणा आणखी दोघांकडून आली.

माझा थोरला भाऊ घाटकोपरला, माथाडी कामगार. त्याची पोरगी बी.कॉम. झाली, अंधेरीला एका ऑफिसात हिशेब बघते. तिला शेतीची ओढ. पुढंमागं जुन्नरला येऊन स्वतःचं काही करायचं, म्हणून दुसरी पदवी शेतीची घ्यायचं तिनं ठरवलं. तिथल्या एका एजंटानं सांगितलं, "बी.एस्सी. ॲग्री घरबसल्या, कॉलेजला जायचं नाही, नव्वद हजार एकरकमी." भावाचा मला फोन, "चाळीतला कांदा काढून काही जमतंय का बघ."

मी दहावी पास माणूस. पण बियाणं घेताना लॉट नंबर बघतो, तशी याचीही चौकशी केली. आमच्या ओळखीच्या कृषी पदवीधरानं एका वाक्यात विषय मिटवला. शेतीची पदवी दूरशिक्षणानं द्यायला यूजीसीची बंदी आहे. इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंगच्या यादीतच शेती आणि फलोत्पादनही येतं. बी.एस्सी. ॲग्री चार वर्षं कॉलेजात बसून, प्लॉटवर उतरूनच करावी लागते. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार विद्यापीठांची कॉलेजं आहेत, पण प्रवेशाला बारावी सायन्स आणि सीईटी लागते. पोरीची बारावी कॉमर्सची.

पोरगी हिरमुसली. म्हणली, "तात्या, मग माझं शिक्षण इथंच थांबलं का?"

थांबलं नाही. नोकरी सांभाळून कमी खर्चात दुसरी पदवी घ्यायची तर सरकारी वाट आहे. इग्नू १९८५ पासून आहे, तिचं मुंबईचं विभागीय केंद्र मुलुंडला. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण कलिनाला, १९७१ पासूनचं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. पोरीनं इग्नूचं बी.ए. घेतलं, विषय अर्थशास्त्र. हमीभाव, पीककर्ज, बाजार कसा चालतो ते शिकायचंय म्हणली. फी वर्षावर्षाला भरायची, एकरकमी नाही. पुस्तकं विद्यापीठच देतं. स्वाध्याय घरी लिहायचे, परीक्षा जून आणि डिसेंबरला. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते, म्हणजे कामाच्या गडबडीत एखादं सत्र हुकलं तरी पाणी डोक्यावरून जात नाही.

ज्यांची पोरं आत्ता कॉलेजात आहेत त्यांनी हेही ध्यानात ठेवा. २०२२ पासून एक पदवी कॉलेजात आणि दुसरी दूरशिक्षणानं, अशा दोन एकदम करायला यूजीसीची परवानगी आहे.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बघा. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठ आणि तोच कोर्स, त्याच सत्रासाठी आहे का. प्रवेशाला लागणारा डीईबी आयडी स्वतः काढा, दलालाच्या मोबाईलवरून नको. आणि फी विद्यापीठाच्या खात्यावरच भरा, पावती घ्या. मान्यता असेल तर ही पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरली जाते.

शेतीचं म्हणाल तर सुट्टीला ती इकडं येते. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षण असलं की कळवतो. बाकीचं बांधावर शिकवतो. परवा तिनं ड्रीपचा व्हेंचुरी स्वतः जोडला, गळती एक थेंब नाही.

कांदा चाळीतच आहे. भाव बघून काढू.