दगडी पात्याचा बाण : साष्टीतील सूक्ष्मास्त्रांच्या निमित्ताने

हरणाच्या शिकारीसाठी बाणाला कोणते पाते लावावे, हा प्रश्न भारतात आता व्यवहाराचा राहिलेला नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचे परवाने संपवले असून, या कायद्याच्या व्याख्येनुसार शिकारीचा नुसता प्रयत्नही शिकारच ठरतो. गोरेगावच्या आरे वसाहतीला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानात चितळ आणि सांबर आजही चरतात, पण त्यांच्यावर बाण रोखणे हा गुन्हा आहे. तरीही प्रस्तुत अंकाच्या संपादकांनी हा विषय सुचवला हे योग्यच झाले, कारण याच साष्टी बेटावर मध्याश्मयुगात हा प्रश्न पोटाचा होता आणि त्या माणसांची दगडी पाती इथल्या मातीत सापडलेली आहेत.

बाण जनावराला धक्क्याने मारतो, हा याबाबतचा सर्वांत चिवट गैरसमज आहे. सुमारे २७ ग्रॅम वजनाचा बाण आधुनिक धनुष्यातून सेकंदाला ८० मीटर वेगाने सुटला, तरी त्याची ऊर्जा ८६ ज्यूलच्या आसपास भरते. हरणासाठी वापरल्या जाणाऱ्या रायफलच्या गोळीची ऊर्जा मात्र अडीच-तीन हजार ज्यूल असते. बाण मारतो तो कापून आणि रक्तस्राव घडवून. चेंगरलेली रक्तवाहिनी आकसते आणि रक्त लवकर गोठते, उलट स्वच्छ कापलेली वाहिनी वाहत राहते. म्हणून बोथट पात्याचा बाण जनावर पाडत नाही, त्याला जखमी करून पळवतो. जेथे धनुष्याने शिकार कायदेशीर आहे, त्या अमेरिकेतील शिकारी म्हणूनच स्थिर पात्याला, म्हणजे ज्याची धार उघडझाप न होता कायम बाहेरच असते अशा टोकाला, विश्वासाचे मानतात. अशी टोके बहुधा १०० किंवा १२५ ग्रेनची, म्हणजे साडेसहा ते आठ ग्रॅमची असतात. दोन धारांचे टोक खोल जाते, तीन किंवा चार धारांचे टोक रुंद जखम करते पण लवकर अडते. शिवाय पाते जितके रुंद तितके ते हवेत पंखासारखे वागून बाणाला वाट सोडायला लावते आणि शेपटीच्या पिसांवरचा भार वाढवते. खोली, रुंदी आणि सरळ उड्डाण ही तिन्ही एकाच टोकात पुरेपूर मिळत नाहीत. निवड म्हणजे यांतील कशावर पाणी सोडायचे ते ठरवणे.

साष्टीत ही निवड दगडात झाली. नौदलातील अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी कांदिवली आणि आसपासच्या भागातील अश्मयुगीन हत्यारांवर १९३९ मध्ये, तर मुंबईच्या सूक्ष्मास्त्रांवर १९५० मध्ये लेखन प्रसिद्ध केले. सूक्ष्मास्त्र म्हणजे साधारणतः तीन सेंटिमीटरहून लहान असे दगडी पाते. त्यासाठी लागणारे कॅल्सेडनी, अकीक, जॅस्पर हे दगड दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होतात. त्यांतील चंद्रकोरी प्रकार बारकाईने पाहण्याजोगा आहे. लसणाच्या पाकळीएवढ्या या तुकड्याची सरळ बाजू मूळची, न छेडलेली आणि तीक्ष्ण असते, तर वक्र बाजू बारीक ढलपे काढून मुद्दाम बोथट केलेली असते. ही बोथट पाठ काठीच्या खाचेत राळेने पक्की बसावी, यासाठी तो खटाटोप. धार तुटली की राळ तापवून नवा तुकडा बसवायचा, काठी तीच. बदलत्या पात्यांची योजना पोलादाच्या युगाने शोधली असे जे मानतात, त्यांनी हा तुकडा एकदा भिंगाखाली धरावा.

आता वादाचा मुद्दा, आणि येथे वाचकाने थोडा धीर धरावा. ही चंद्रकोर बाणाचे टोक होती, की टोकामागचा काटा, की गवत कापणाऱ्या कोयत्याचे पाते? दक्षिण स्वीडनमध्ये लोशुल्ट येथील दलदलीत १९५१ मध्ये सापडलेल्या बाणावर राळेने बसवलेली दोन सूक्ष्मास्त्रे होती, एक टोकाला आणि एक बाजूला. तेव्हा 'टोक की काटा' हे भांडण बरेचसे व्यर्थ आहे. उत्तर प्रदेशातील सराई नाहर राय येथे मानवी बरगडीत रुतलेले सूक्ष्मास्त्र मिळाले, आणि विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये प्रकाशात आणलेल्या भीमबेटकाच्या चित्रांत काटेरी बाण व भाले घेतलेले शिकारी दिसतात. म्हणजे अशा पात्यांचा अस्त्र म्हणून उपयोग झाला, यात शंका नाही. शंका आहे ती हातातल्या प्रत्येक तुकड्याबद्दल. हाडावर आदळलेल्या टोकाला पायरीसारखा भंग पडतो, पण गुरांच्या पायाखाली तुडवलेल्या पात्यालाही कधीकधी तसाच भंग पडतो. गुजरातमधील लांघणज येथे सूक्ष्मास्त्रांबरोबर हरणांची हाडेही मिळाली, म्हणून तेथे शिकारीविषयी काही ठामपणे म्हणता येते. साष्टीत बरेचसे तुकडे पृष्ठभागावरून वेचलेले आहेत, त्यांच्यासोबत हाडे नाहीत, आणि ज्या टेकड्यांवर ते पडले होते त्यांपैकी कित्येक आता इमारतींखाली गेल्या आहेत.

असे असूनही प्रदर्शनात काचेखाली ठेवलेला कोणताही टोकदार दगड पाहणाऱ्याला बाणच वाटतो, आणि खेदाची गोष्ट अशी की, पाटी लिहिणाऱ्यालाही पुष्कळदा तसेच वाटते. पाटीवर 'बाणाचे टोक' एवढे लिहिले की लोक समाधानाने पुढे सरकतात. 'चंद्रकोरी सूक्ष्मास्त्र, कॅल्सेडनी, पृष्ठभागावरील संग्रह, धारेवर भंग, उपयोग अनिश्चित' असे लिहिले की अभ्यासकालाच काही येत नाही, असा ग्रह होतो. पाटी मात्र दुसरीच लावली पाहिजे, आणि जागा उरलीच तर तिच्याखाली तो तुकडा कोणत्या टेकडीवर मिळाला, तेही लिहिले पाहिजे.