अंबडच्या गच्चीवरची खातेवही

जालन्याहून दक्षिणेस २१ किलोमीटरवर अंबड. गावालगत मत्स्याच्या आकाराची टेकडी आणि तिच्यावर मत्स्योदरी देवीचे मंदिर. यंदा चैत्रात मामांकडे मुक्कामास होतो, तेव्हा सकाळीच पायऱ्या चढून वर गेलो. वर वारा असा, की खांद्यावरचे उपरणे सावरावे लागले. खाली गच्च्यांवर सौर पॅनेलांचे निळसर-काळे चौकोन चमकत होते. एवढा वारा असताना घरोघरी लहानशी पवनचक्की का नसावी, असे मनात आले.

उत्तर परतीच्या वाटेवर मिळाले. बाजाराच्या गल्लीत शिरताच तोच वारा भिंतींना अडखळून विस्कटला, मंदावला. वाऱ्याचा वेग निम्मा झाला, की त्यातील शक्ती आठव्या हिश्शावर येते. म्हणून पवनचक्क्या साताऱ्याच्या चाळकेवाडीसारख्या उघड्या पठारावर शोभतात. दाट वस्तीच्या छपराला खरी साथ उन्हाचीच.

मामांच्या गच्चीवर ३ किलोवॅटचा संच आहे. जागा सुमारे ३०० चौरस फूट, वीज दिवसाला सरासरी १२ युनिट. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपयांचे अनुदान मिळाले. कापडाच्या व्यापारात आयुष्य गेलेल्या मामांनी मीटर दाखवीत म्हटले, "ही आपली खातेवही. दिवसा जास्तीची वीज तारेत गेली, की वीज कंपनीकडे आपल्या खात्यावर जमा. रात्री घेतली, की नावे. महिनाअखेर फरकाचेच बिल."

"मग आणखी पॅनेल का बसवली नाहीत?" मी विचारले.

"शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात ओढता येतात, पण मार्चअखेर खाते मिटते. तेव्हा उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण भरतो त्या दराहून कमी. लोभाने वाढवलेला संच भांडवल अडकवून ठेवतो. बारा महिन्यांची बिले समोर मांडली, गरज मोजली आणि तेवढेच घेतले. परिमाण काय फक्त व्रतापुरतेच असते?"

दुपारी वीज गेली. सूर्य माथ्यावर तळपत होता, तरी पंखा थांबला. घामाने त्रासून मी म्हटले, "मामा, घरची वीज असून हा उकाडा?"

मामा शांतपणे म्हणाले, "बॅटरी नसलेला संच तारेत वीज नसली, की आपोआप बंद होतो. तसाच बनवलेला असतो. पुढे कुठे वायरमन खांबावर चढला असेल. तार निर्जीव समजून त्याने हात लावला आणि आपल्या गच्चीवरून वीज गेली, तर? आपल्या वाऱ्यासाठी त्याचा जीव?"

मी निरुत्तर झालो. मामींनी हातपंखा आणून दिला. खिडकीतून खांबांची रांग दिसत होती. वायरमन मात्र कुठे दिसला नाही.

पाऊण तासाने पंखा फिरू लागला. वहीतून मान वर न करता मामा म्हणाले, "उतरला असेल बिचारा."