नौकेआधी किनारा

हिवाळ्यातील सकाळी गेटवे ऑफ इंडियासमोर नांगरलेल्या पांढऱ्या नौका पाहिल्या, की मांडव्याला बंगला बांधलेल्या गृहस्थाच्या मनात स्वतःच्या नौकेचा विचार येतोच. रस्त्याने अलिबाग सुमारे 100 किलोमीटर; समुद्रमार्गे मांडवा तासाभराच्या आत. मोह स्वाभाविक आहे. परंतु नौकेची किंमत ही या खर्चाच्या खात्यातील केवळ पहिली नोंद होय.

खरा प्रश्न तिला ठेवण्याचा. येथे बहुतेक नौका धक्क्याला लागून उभ्या नसतात. त्या उघड्या पाण्यात नांगरावर डोलतात आणि मालक लहान होडीतून त्यांच्यापर्यंत पोहोचतो. उधाणाला भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक होतो. घरातील वृद्धांना शेवाळलेल्या पायऱ्या उतरून होडीत बसता येईल का, हे ओहोटीच्या वेळी स्वतः उभे राहून पाहावे.

दुसरा प्रश्न पावसाळ्याचा. जून ते ऑगस्ट गेटवे-मांडवा प्रवासी लाँचही बंद असतात. कोळी बांधव आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात; हौशी नौकेलाही तोच नियम. जागेचे भाडे, तळाचे शिंपले खरवडणे, रंग, इंजिनाची देखभाल, विमा आणि तांडेलाचा पगार मात्र बारमाही चालू राहतो.

म्हणून जाणकार आधी एक हंगाम भाड्याची नौका घेतात आणि कुटुंबाने खरोखर किती रविवार समुद्रावर घालवले, ते वहीत टिपतात. वर्षाचा खर्च त्या रविवारांनी भागला, की प्रत्येक सफरीचे खरे मोल कळते. तो आकडा मान्य असेल, तरच बयाणा द्यावा.